पाहुणे घरात, यजमान अंगणात

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कराड तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या आठवणी वह्यांमध्ये लिहून काढल्या आणि 2004 साली मामाने त्यांचं दीडशे पानांचं पुस्तक छापलं. मामाचं तेव्हा डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, गणेश मंडळांच्या पावत्या या कामांमधून वेळ काढून त्याने ती पानं पेजमेकरमध्ये लावली. फॉन्ट अर्थातच युनिकोडपूर्व काळातला. म्हणजे ती फाइल आज भलत्या ठिकाणी उघडली तर ‘शाळा’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी दिसते. ती नीट दिसायला तो फॉन्ट लागतो, फॉन्टला त्याचं सॉफ्टवेअर लागतं, सॉफ्टवेअरला यूएसबीत खोचायचा डोंगल लागतो, आणि या सगळ्या वरातीला विंडोज एक्सपी लागतं.

2018 साली मामाच्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. हार्ड डिस्क शाबूत होती. तिची जशीच्या तशी प्रत काढून मी ती माझ्या लिनक्सच्या डेस्कटॉपवर एका आभासी संगणकात बसवली. खिडकीत एक्सपीचं ते हिरवं कुरण उमटलं, डोंगलचा दिवा लागला आणि मामाने फोनवर विचारलं, “अगं, माझा रिसायकल बिनपण आहे का त्यात?” होता.

2023 हे आजोबांचं जन्मशताब्दीचं वर्ष. दुसरी आवृत्ती काढायची, यावेळी युनिकोडमध्ये, असं आईने ठरवलं. मजकूर बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं. मार्चमधल्या एका शनिवारी रात्री मी बसले, तर आभासी संगणक उघडेचना. आदल्या दिवशी मी नेहमीसारखे अपडेट घेतले होते आणि कर्नल 5.15 वरून 5.19 वर गेलं होतं. पडद्यावर एक छोटी चौकट: मॉड्यूल तयार करावी लागतील. ‘होय’ म्हटलं. दोनपैकी एक झालं, दुसरं पडलं. दोन्ही झाल्याशिवाय तो प्रोग्राम दार उघडायला तयार नव्हता. उपाय म्हणून जे जे सापडलं ते मी दीड वाजेपर्यंत करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मामाला सांगितलं की कर्नल बदलल्यामुळे अडलंय. त्यावर तो म्हणाला, “कर्नल? तो कशाला आला मध्ये?”

प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधता शोधता मी पंचवीस वर्षं मागे गेले, तेच इथे सांगते आहे.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांच्यावर हुकमत फक्त त्याची. बाकीचे सगळे प्रोग्राम (ब्राउझर असो की तुमचा गाण्यांचा प्लेयर) त्याच्याकडे अर्ज करतात आणि तो देईल ते घेतात. आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामला एवढ्यावर भागत नाही. त्याच्या पोटातल्या ऑपरेटिंग सिस्टिमला वाटत असतं की यंत्राची मालक आपणच. हा भ्रम टिकवायचा तर खऱ्या मालकाच्या खोलीत जाऊन काही गोष्टी हलवाव्या लागतात. त्या खोलीत शिरणारा तुकडा म्हणजे कर्नल मॉड्यूल.

एका यंत्रात अनेक यंत्रं ही कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर 1972 पासून ती विकत मिळत होती. एखादा प्रोसेसर असा भ्रम नीट पेलू शकतो की नाही हे ठरवण्याची कसोटी जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी 1974 साली मांडली. इंटेलच्या ज्या घराण्यातले प्रोसेसर आपल्या घराघरांतल्या संगणकांत आले, ते या कसोटीत नापास होत. काही सूचना अशा होत्या की पाहुण्याने त्या चालवल्या तर यजमानाला पत्ताच लागू नये. एखादी सूचना नाकारली गेली तर निदान बोंब व्हावी. इथे ती मुकाट्याने अर्धवट चालायची. त्यामुळे डेस्कटॉपवर हे जमणार नाही असंच बहुतेकांनी धरलं होतं.

ते जमवलं स्टॅनफर्डमधून निघालेल्या मंडळींनी. मेंडेल रोझेनब्लम, डायान ग्रीन, एदुआर्द ब्यूनियाँ, स्कॉट डिव्हाइन आणि एडवर्ड वांग यांनी 1998 साली व्हीएमवेअर काढली आणि मे 1999मध्ये ‘वर्कस्टेशन’ची पहिली आवृत्ती आली. पाहुण्याच्या धोकादायक सूचना धावता धावता बदलून, निरुपद्रवी करून चालवायच्या, ही त्यातली प्रसिद्ध हुशारी. पण माझ्या शनिवार रात्रीचं मूळ दुसऱ्याच एका निर्णयात आहे. त्या काळात पीसीला जोडायची कार्डं, डिस्का, प्रिंटर यांचे प्रकार अक्षरशः मोजता येत नसत. त्या सगळ्यांचे ड्रायव्हर एका छोट्या कंपनीने लिहायचे म्हणजे जन्म जायचा. म्हणून त्यांनी ठरवलं की यंत्रावर आधीपासून असलेल्या विंडोजला किंवा लिनक्सला हलवायचं नाही. आपण तिच्या शेजारी राहायचं, उपकरणांची कामं तिच्याकडूनच करून घ्यायची आणि प्रोसेसर मात्र आळीपाळीने वापरायचा.

आळीपाळीने म्हणजे काय, हे वाचताना मी थक्क झाले होते. ‘व्हीएममॉन’ नावाचं मॉड्यूल कर्नलमध्ये जाऊन बसतं. वेळ आली की ते प्रोसेसरची सगळी अवस्था, मेमरीच्या नकाशासकट, बाजूला काढून ठेवतं आणि वेगळंच जग मांडतं. तेवढ्या वेळापुरतं लिनक्स त्या प्रोसेसरवर नसतंच. काम झालं की जुनं जग होतं तसं परत ठेवलं जातं आणि लिनक्सला काही घडल्याची जाणीवही होत नाही. सोबतीला ‘व्हीएमनेट’ हे दुसरं मॉड्यूल. ते पाहुण्यांसाठी आभासी नेटवर्कची वायरिंग करतं. आता इतक्या आत जाऊन इतक्या नाजूक जागी हात घालणारा तुकडा दर नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करावा लागणार हे उघड आहे. प्रोग्रामचा बाकीचा स्रोत बंद असला तरी या मॉड्यूलांचा स्रोत कंपनी सोबत देत आली. तुमच्या यंत्रावर, तुमच्या कर्नलच्या हेडर फायली वापरून तिथल्या तिथे मॉड्यूल बांधायचं, अशी सोय. म्हणजे शिंप्याकडे कापड घेऊन जायचं नाही, शिंपीच घरी येणार. फक्त घरच्यांची मापं दर दोन महिन्यांनी बदलत असतील तर?

सुरुवातीला ती इतक्या वेगाने बदलत नव्हती. लिनक्स 2.2 जानेवारी 1999मध्ये आलं, 2.4 जानेवारी 2001मध्ये, 2.6 डिसेंबर 2003मध्ये. मोठी तोडफोड मधल्या विषम अंकांच्या प्रयोगशील मालिकांमध्ये व्हायची आणि सम अंकांची मालिका त्या मानाने शांत असायची. 2004 साली कर्नलच्या कर्त्यांनी ही रीत सोडली. 2.7 काढायचंच नाही, मोठे बदलही मुख्य धारेतच करायचे आणि दर दोन-तीन महिन्यांनी नवी आवृत्ती द्यायची, असं ठरलं. लिनक्सची आजची गती या निर्णयातून आली. आणि बाहेरच्या मॉड्यूलांची साडेसातीही तेव्हाच सुरू झाली.

लिनक्सच्या घरात दोन कायदे आहेत. बाहेरून अर्ज करणाऱ्या प्रोग्रामांना दिलेला शब्द मोडायचा नाही, हा पहिला. लिनस टोरवाल्ड्स या बाबतीत किती कडक आहेत हे त्यांचे संतापलेले ईमेल वाचलेल्यांना ठाऊक आहे. काल चालणारा प्रोग्राम नव्या कर्नलवर चालला नाही तर चूक कर्नलची. दुसरा कायदा बरोबर उलटा: कर्नलच्या आतल्या तुकड्यांना कसलाही शब्द दिलेला नाही. आतलं फंक्शन आज आहे, उद्या नसेल, परवा वेगळ्या नावाने असेल. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी या विषयावर लिहिलेला निबंध कर्नलच्या दस्तऐवजांमध्येच ठेवलेला आहे आणि त्याच्या फाइलच्या नावात ‘नॉन्सेन्स’ हा शब्द आहे. त्यांचं म्हणणं असं की आतली रचना स्थिर ठेवली तर जुन्या चुका कायमच्या घरात राहतात. यूएसबीची आतली रचना किमान तीनदा मुळापासून बदलावी लागली, हा त्यांचा दाखला. तुमचा ड्रायव्हर आमच्या झाडात आणा, मग रचना बदलणाराच तुमचं दुरुस्त करून देईल. बाहेर राहिलात तर तुमचं तुम्ही बघा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उर्मट वाटलं होतं. मग मी जानेवारी 2019मधला टोरवाल्ड्स यांचा एक बदल शोधून वाचला. ‘अ‍ॅक्सेस ओके’ नावाचं एक छोटं फंक्शन आहे. प्रोग्रामने दिलेला मेमरीचा पत्ता त्याच्याच हद्दीतला आहे ना, एवढं ते तपासतं. त्याला पूर्वी तीन गोष्टी सांगाव्या लागत आणि त्यातली पहिली होती, वाचायचंय की लिहायचंय. हा भेद आला होता मूळ 80386 प्रोसेसरच्या एका खोडीमुळे: कर्नल स्वतः लिहीत असेल तर तो ‘इथे लिहू नये’ ही पाटी पाळत नसे. 386 प्रोसेसरचा आधार कर्नल 3.8 मध्ये, म्हणजे 2013च्या सुरुवातीला काढून टाकला गेला. तरी पुढची सहा वर्षं सगळे जण तो पहिला शब्द इमानेइतबारे लिहीत होते आणि कोणी वाचत नव्हतं. टोरवाल्ड्स यांनी तो उडवला आणि झाडात जिथे जिथे ते फंक्शन वापरलं होतं त्या शेकडो जागा त्याच एका बदलात दुरुस्त केल्या. घरातल्या कुणालाही काही करावं लागलं नाही. मार्च 2019मध्ये 5.0 आलं तेव्हा घराबाहेरची मॉड्यूल्स मात्र ठिकठिकाणी पडली. तिसरा शब्द कुठून आला, असं कंपाइलर विचारत होता.

दोन्ही बाजू मला पटतात आणि तिथेच माझी पंचाईत होते.

कारण प्रत्येक वेळी कारण इतकं भारदस्त नसतं. 3.7 या आवृत्तीत, 2012च्या अखेरीस, कर्नलची आवृत्ती कोणती हे सांगणारी ‘व्हर्जन डॉट एच’ ही इवलीशी फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेली. व्हीएमवेअरचा मॉड्यूल बांधणारा भाग तिला जुन्या जागी शोधायचा. न मिळाल्यावर तो सांगायचा की तुमच्याकडे हेडर फायली नाहीत. लोक त्या पुन्हा पुन्हा बसवत राहिले. फायली तर समोर होत्या. शेवटी इलाज निघाला एका ओळीचा: जुन्या जागी नव्या जागेकडे बोट दाखवणारा दुवा ठेवायचा. पोस्टमन जुन्या पत्त्यावरच येतो म्हणून दारावर चिठ्ठी लावावी, तसं.

अशा चिठ्ठ्या कोण लावत होतं? कंपनीची नवी आवृत्ती यायला महिने लागत आणि कर्नल तोवर पुढे गेलेलं असे. 2000च्या दशकात हे काम प्रामुख्याने पेत्र वान्द्रोवेत्स या चेक प्रोग्रामरने केलं. ते स्वतः कर्नलमध्ये योगदान देणारे. मेट्रॉक्स कार्डांचा लिनक्समधला ड्रायव्हर त्यांचा. प्रागच्या चेक तंत्रविद्यापीठाच्या सर्व्हरवर ते एक गाठोडं ठेवत, नाव ‘व्हीएमवेअर एनी एनी अपडेट’. कुठलीही आवृत्ती, कुठलंही कर्नल, हे घ्या आणि बांधा. त्या गाठोड्यांचे क्रमांक शंभराच्या पुढे गेले. म्हणजे शंभरहून जास्त वेळा कुणीतरी बसून, काय बदललं ते वाचून, शिवून दिलं. पुढच्या दशकात ही गादी योगायोगाने आणखी एका चेक माणसाकडे आली. सुसे कंपनीत कर्नलवर काम करणारे मिखाल कुबेचेक यांनी गिटहबवर ‘व्हीएमवेअर होस्ट मॉड्यूल्स’ नावाचं भांडार ठेवलं. वर्कस्टेशनच्या प्रत्येक आवृत्तीची वेगळी फांदी आणि तिच्यावर नव्या कर्नलसाठीचे छोटे छोटे बदल. नवं काही करायचं नाही, फक्त बांधलं जाईल एवढं बघायचं. त्यावरून पुढे इतरांनीही फांद्या काढल्या.

त्या भांडारातला इतिहास मी एका रविवारी खालून वर वाचला. दहा-बारा ओळींचे बदल, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर नीट समजावलेलं: कर्नलच्या अमुक आवृत्तीत तमुक बदललं, कारण हे, म्हणून इथे असं. 5.6 मध्ये ‘प्रॉक’च्या फायलींसाठी वेगळी रचना आली. 5.8 मध्ये मेमरीच्या नकाशाच्या कुलपाचं नावच बदललं. आमच्या कॉलेजात चार वर्षांत ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय एका सत्राचा होता आणि त्यातलं मला एवढंच आठवतं की तत्त्वज्ञ गोल टेबलाभोवती बसून काट्यांसाठी भांडतात. त्या एका रविवारी मी त्याहून जास्त शिकले. पगार देणारं कोणी नसताना कुणी इतक्या निगुतीने लिहावं याचं मला अजून नवल वाटतं.

याच काळात दुसरीकडे एक वेगळीच गोष्ट घडत होती. आभासी संगणकाच्या परिभाषेत बाहेरच्या यंत्राला यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. लिनक्स पाहुणा म्हणून चालत असेल तर त्यालाही काही ड्रायव्हर लागतात. व्हीएमवेअरने हे पाहुण्याकडचे तुकडे एकेक करून कर्नलच्या झाडात दिले. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर 2.6.32 मध्ये गेला, डिस्कचा 2.6.33 मध्ये. यजमान आणि पाहुणा यांच्यातल्या संवादाचे दोन तुकडे 2013 साली 3.9 मध्ये गेले. त्यानंतर त्यांच्या बांधणीची चिंता वापरणाऱ्याला राहिली नाही. ‘अ‍ॅक्सेस ओके’सारखा बदल झाला तर करणारा तेही सावरून घेतो. पण व्हीएममॉन आणि व्हीएमनेट ही यजमानाकडची दोन मॉड्यूल्स बाहेरच राहिली. पाहुण्यांना घरात खोली मिळाली आणि यजमान वीस वर्षं अंगणात.

आत जागा नव्हती असं नाही. 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय केली आणि 1974च्या कसोटीचा प्रश्न हार्डवेअरनेच सोडवला. ऑक्टोबर 2006मध्ये अवी किविटी यांनी केव्हीएम जाहीर केलं. फेब्रुवारी 2007च्या 2.6.20 मध्ये ते कर्नलचा भाग होतं. चार महिने! त्यांनी वेगळं जग मांडलंच नाही. लिनक्सलाच यजमान व्हायला सांगितलं. घरातलं असल्यामुळे ते कधी ‘बांधावं’ लागत नाही.

मग आम्ही डेस्कटॉपवाले तिकडेच का गेलो नाही? काही गेले. बाकीच्यांना खिडकी ओढून लहानमोठी करता यायला हवी होती, डोंगल खोचला की आत दिसायला हवा होता आणि एका क्लिकवर सगळं चालायला हवं होतं. यजमानाच्या अंगणात सतरंजी होती, चहा होता. घरात शिस्त होती.

माझा शनिवार कसा सुटला ते सांगायचं राहिलं. पडलेलं मॉड्यूल नेटवर्कचं होतं. चुकांच्या चारशे ओळींपैकी खरी चूक एकच होती: ‘नेटिफ आरएक्स एनआय’ हे फंक्शन सापडत नाही. बाहेरून आलेलं पाकीट आत सुपूर्द करण्याची दोन फंक्शनं पूर्वी होती, कुठल्या परिस्थितीत बोलावता त्यावरून निवडायची. 5.18 मध्ये पहिलंच सगळीकडे चालेल असं करून दुसरं काढून टाकलं गेलं. मी 5.15 वरून थेट 5.19 वर उडी मारली होती, त्यामुळे मधली सूचना माझ्या नजरेतून सुटली. स्रोताची टार फाइल उलगडली, नावाच्या शेवटचे ‘एनआय’ खोडले, पुन्हा गुंडाळली, बांधली. रविवारी दुपारी चार वाजता कुरण हिरवं झालं.

त्या आठवड्यात दीडशे पानं बाहेर काढली. आईने ती शब्दन् शब्द तपासली, कारण फॉन्ट बदलताना रफारांची हमखास गडबड होते आणि आजोबांच्या लेखनात ‘वर्ग’, ‘मार्च’, ‘दुर्लक्ष’ या शब्दांना तोटा नव्हता. 1972च्या दुष्काळात शाळेच्या पोरांना सुकडी वाटल्याचं प्रकरण मी तेव्हा पहिल्यांदा सबंध वाचलं. पुस्तक दिवाळीपूर्वी छापून आलं.

इतिहासही मधल्या काळात थोडा पुढे सरकला आहे. विंडोजवर 2020 सालीच वर्कस्टेशनला विंडोजच्या स्वतःच्या आभासीकरणाच्या थरावर चालता येऊ लागलं आणि मॅकवरही तसंच झालं. नोव्हेंबर 2023मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली. वर्षभरात वर्कस्टेशन सगळ्यांसाठी फुकट झालं, लिनक्सवर मात्र ती दोन मॉड्यूल्स होती तशीच राहिली. 2024च्या सुरुवातीला एका जर्मन कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स केव्हीएमवर चालवून दाखवलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपली लिनक्सवरची उत्पादनं केव्हीएमकडे वळवता यावीत म्हणून कर्नलमध्ये थोडे बदल करावेत, असे पॅच व्हीएमवेअरच्याच बाजूने आले. यजमान पायरी चढायच्या बेतात दिसतात.

मी त्यांची वाट पाहिली नाही. गेल्या वर्षी मामाच्या डिस्कची प्रत केव्हीएमकडे नेली. पहिल्यांदा एक्सपीने निळा पडदा दाखवला, कारण डिस्कचा कंट्रोलर त्याला अनोळखी होता. तो आयडीई करून दिल्यावर निमूट उठलं. डोंगल दिसायला आणखी एक संध्याकाळ गेली. मग मामाला फोन लावला आणि म्हटलं, आता कर्नल मध्ये येणार नाही. तो म्हणाला, “बरं झालं. त्यात एका पतसंस्थेचा 2006चा अहवाल असेल बघ, चेअरमन मागतायत.”